नम्र विपर्यास

मी पुस्तके बांधतो. शाळा सातवीत सुटली आणि त्यानंतर आजवर, म्हणजे एकोणतीस वर्षे, मी एकाच बाइंडिंगखान्यात उभा आहे. छापखान्यातून मोठाले छापील कागद येतात, त्यांना घडी घातली की सोळा पानांचा एक फर्मा होतो, असे दहा-पंधरा फर्मे क्रमाने लावून शिवले, पाठीला सरस लावला, पुठ्ठा चढवला आणि तीन बाजूंनी कापले की पुस्तक तयार. लोक पुस्तक वाचतात, मी फर्मा वाचत आलो. शाई फाकलेला, घडी चुकलेला किंवा जास्तीचा छापलेला फर्मा बाजूला पडे आणि तो मी जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता वाचून काढी. त्यामुळे माझे वाचन पुष्कळ झाले, परंतु ते सगळे मधलेच झाले. कित्येक थोर पुरुषांचा जन्म मला ठाऊक नाही, मृत्यूही ठाऊक नाही. मात्र चाळिशीत त्यांनी काय केले ते मी तारीखवार सांगू शकतो.

असाच एक फर्मा कुठल्याशा भाषणसंग्रहाचा होता. त्याच्या अखेरच्या पानाची अखेरची ओळ अशी होती : ‘माझ्या आदरणीय विरोधकांच्या मताचा मी नम्रपणे विपर्यास’. तिथे पान संपले आणि फर्माही संपला. ती ओळ मला इतकी आवडली की मी ती तोंडपाठ केली. एवढ्या आदराने आणि एवढ्या नम्रतेने माणूस विरोधकाच्या मताचे करील काय? विरोधच करील. तेव्हा विपर्यास म्हणजे सभ्य माणसाने करावयाचा विरोध, अशी मी मनाशी खूणगाठ बांधली आणि हा शब्द योग्य प्रसंगासाठी राखून ठेवला.

योग्य प्रसंग मला फोनवर मिळाला. आमच्या भागातील एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे नुसते सर म्हणतात, त्यांनी ‘मन आणि मत’ नावाचा ग्रुप सुरू केला होता. माणसाचे मन कसे चालते आणि त्या मनातून त्याचे राजकीय मत कसे घडते, यावर सर दर सोमवारी एक विषय मांडीत आणि आम्ही एकशे त्रेसष्ट जण रविवारपर्यंत त्यावर लिहीत असू. मला त्या ग्रुपवर माझ्या धाकट्या भावाने घेतले. तो सरांचा विद्यार्थी. शाळेत त्याचे नकाशे सर वर्गाच्या भिंतीवर लावीत. मी पहिल्याच आठवड्यात लिहिले, “आदरणीय सर, मी आपल्या मताचा नम्रपणे विपर्यास करतो.” त्यावर सात जणांनी हसरे चेहरे पाठवले. आपल्या आगमनाने मंडळींना आनंद झाला असे मला वाटले, आणि पुढे अकरा महिने मी जवळजवळ प्रत्येक सोमवारी कोणाच्या ना कोणाच्या मताचा नम्रपणे विपर्यास करीत आलो.

आता धाकट्याविषयी सांगणे भाग आहे, कारण ही सगळी हकिगत त्याच्यासाठी घडली. तो माझ्याच बाइंडिंगखान्यात कटिंग मशीनवर होता. तीनशे कागदांच्या गठ्ठ्यावर पाते खाली आणणे हे काम लहान नाही, हात आणि नजर एका रेषेत लागते. तीन महिन्यांपूर्वी त्याची झोप गेली, मग भूक गेली, मग बोलणे गेले. एके दिवशी तो मशीनसमोर गठ्ठा लावून तासभर नुसता उभा राहिला. मालकांनी त्याला हळूच बाजूला घेतले. मनाच्या डॉक्टरांनी तपासले, गोळ्या लिहून दिल्या, औषध अंगवळणी पडेपर्यंत पात्यापासून दूर राहायला सांगितले आणि दर दुसऱ्या शनिवारी यायला सांगितले. तेव्हापासून तो घरी होता. माझी पत्नी त्याला पूर्वी ‘भावोजी, एवढं वरचं डबडं काढून द्या’ म्हणून दहादा हाक मारीत असे. आता ती डबडी स्टुलावर चढून स्वतःच काढू लागली होती आणि ते पाहून त्याला अधिकच वाईट वाटत होते. फोन मात्र त्याच्या हातात असे. ग्रुपवर तो एक अक्षरही लिहीत नसे, पण सगळे वाचीत असे.

त्या सोमवारी सरांनी विषय दिला तो नगरपालिकेच्या एका प्रस्तावाचा. प्रत्येक वॉर्ड ऑफिसात मनाच्या आजारांसाठी एक समुपदेशन कक्ष उघडावा, असा तो प्रस्ताव होता. सरांचे लिहिणे असे सुरू झाले : “ज्याचे मन त्याच्या ताब्यात नाही, त्याचे मतही त्याचे नसते. अशा माणसाच्या मताला लोकशाहीत किती किंमत द्यावी, याचा विचार आपण केव्हा करणार आहोत?” आणि त्याखाली, त्यांच्या सर्वच मोठ्या लेखांखाली असे तसे, निळ्या अक्षरांत ‘पुढे वाचा’.

मी फोन टेबलावर पालथा ठेवला. पलीकडच्या खोलीत धाकटा भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याच्या उशाशीही फोन पालथाच होता, हे मला उघड्या दारातून दिसले. मी फोन पुन्हा उचलला आणि लिहिले की, आदरणीय सर, आपल्या या मताचा तर मी अत्यंत नम्रपणे आणि संपूर्ण विपर्यास करतो.

मंगळवारी सकाळी सरांचे उत्तर आले. “बाइंडरसाहेब, गेले अकरा महिने आपण तो करीतच आहात. आज कबूल केलेत, आभारी आहे.”

ग्रुपवर हशा उसळला. हसून हसून डोळ्यांतून पाणी येणाऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली. त्या दिवसापर्यंत मी त्या चेहऱ्यांकडे पाहून खूश होत आलो होतो, परंतु या वेळी त्यांत काहीतरी वेगळे आहे असे मला जाणवले. मी फोन घेऊन धाकट्याच्या खोलीत गेलो आणि हे लोक कशाला हसत आहेत ते विचारले. त्याने फोन घेतला, वाचले आणि पडदा जुन्या मेसेजांपर्यंत सरकवत नेला.

“दादा, तू पहिल्यापासून हेच लिहितोयस?”

“तू वाचत नव्हतास का?”

“मला वाटलं, मुद्दाम लिहितोस. गंमत म्हणून. अरे, विपर्यास म्हणजे उलटंसुलटं करणं. समोरचा बोलला एक, आपण त्याचं भलतंच करून सांगायचं.”

मी म्हटले की असे असणे शक्य नाही, मी ते पुस्तकात वाचले आहे. त्याने विचारले, कुठल्या पानावर. मी सांगितले, फर्म्याच्या अगदी शेवटच्या ओळीत.

“मग पुढच्या फर्म्यात ‘करणार नाही’ असं असणार, दादा.”

आणि तो हसला. आधी नुसता श्वास फुटल्यासारखा, मग खांदे हलवून, मग उठून बसून. पत्नी हातातले भांडे तसेच घेऊन दारात आली आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहू लागली. दोन महिन्यांत त्या खोलीतून हसण्याचा आवाज आला नव्हता. माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढले होते, अकरा महिन्यांची माझी अब्रू माझ्या डोळ्यांपुढे वाहून चालली होती, तरीही मनात आले की हा शब्द आणखी एक वर्ष चुकीचा वापरावा लागला तरी माझी हरकत नाही.

परंतु ते हसणे ओसरले तेव्हा तो पुन्हा भिंतीकडे वळला. मी बोलता बोलता पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला, तर तो म्हणाला की नको, गोळी घेणे त्याने कालपासून थांबवले आहे. मी कारण विचारले.

“सर शिकवायचे तेव्हा मी त्यांचं सगळं खरं मानलं. आज एवढंच खोटं मानू? गोळी घेतली म्हणजे मीच कबूल केलं की मन माझ्या ताब्यात नाही. मग माझं मत कशात जमा?”

मी म्हणालो की मी आजच सरांना असे सुनावतो की जन्मात विसरणार नाहीत. त्याने मान हलवली.

“तू त्यांना घालूनपाडून बोललास, की त्यांची बाजू घेणारे तुला बोलणार. दोन्हीकडचे ओरडणार, आणि इथे पडून मला वाटणार की सगळे माझ्यावरच ओरडतायत. त्यापेक्षा काही लिहू नकोस.”

शनिवारी डॉक्टरांकडे जायचे होते. मंगळवार ते शनिवार, एवढाच अवधी माझ्याकडे होता. गप्प राहिलो तर सरांचे वाक्य त्याच्या उशाशी तसेच राहणार होते आणि भांडलो तर ते अधिक मोठे होणार होते. मी तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या ठरवले की ग्रुप सोडायचा नाही, गप्प बसायचे नाही आणि एकही वाकडा शब्द लिहायचा नाही. कसे ते मला ठाऊक नव्हते, पण ठरवून टाकले.

बुधवारी कामावर जाताना एक मेसेज आला. ग्रुपवर ज्यांना सगळे तोफ म्हणतात त्या गृहस्थांचा होता, आणि तो ग्रुपवर नव्हता, एकट्या मलाच होता. त्यांनी लिहिले होते की सरांच्या कालच्या टोमण्याचा त्यांना फार राग आला आहे, आणि सरांच्या स्वतःच्या घरात कोण कोण अशा गोळ्या घेते याची पक्की माहिती त्यांच्यापाशी आहे. ती मी ग्रुपवर टाकली तर सरांची बोलती बंद होईल. त्यांनी स्वतः ती का टाकली नाही, याचा खुलासा त्यात नव्हता.

मी फुटपाथच्या कडेला थांबून तो मेसेज दोनदा वाचला. खोटे कशाला सांगू, मोह झाला. सरांच्या एका वाक्याने माझ्या घरातली गोळी बंद पडली होती. माझ्या एका वाक्याने त्यांची वाचा बंद झाली तर हिशेब चुकता होणार होता. पण मग मी धाकट्याच्या जागी बसून ते वाचून पाहिले. ग्रुपवर कोणाच्या तरी गोळ्यांचे नाव घेतले गेले आहे, ते ऐकून एक मानी माणूस खाली मान घालून गप्प झाला आहे, आणि ते नाव घेणारा आपला सख्खा भाऊ आहे. हे वाचून धाकटा गोळीला पुन्हा हात लावील काय? मी तोफ यांना लिहिले की आपल्या सहानुभूतीबद्दल आभारी आहे, पण ही माहिती मी वापरणार नाही, आणि आपणही वापरू नये अशी हात जोडून विनंती आहे. त्यांनी उत्तर दिले, “मग बसा विपर्यास करत.”

माझे चित्त त्या दिवशी कामावर नव्हते. एका जाड पुस्तकाचे फर्मे जुळवून ठेवले होते आणि मी त्यांची शिलाई सुरू करणार, एवढ्यात जुळवणीच्या मावशींनी माझ्या हाताखालचा गठ्ठा काढून घेतला. आमच्याकडे एक पद्धत आहे. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर छापखाना एक बारीक काळी खूण छापतो. पहिल्या फर्म्याची सर्वांत वर, दुसऱ्याची तिच्याखाली, तिसऱ्याची आणखी खाली. फर्मे नीट जुळले की गठ्ठ्याच्या पाठीवर काळ्या पायऱ्या उतरताना दिसतात. एखादा फर्मा राहिला की तेवढी पायरी गायब. शिवण्याआधी पाठ पाहायची, हे मला मावशींनीच एकोणतीस वर्षांपूर्वी शिकवले होते.

“सातवी पायरी कुठंय?” त्यांनी विचारले. “न बघताच शिवायला निघालास की काय? शिवलंस की मग उसवावं लागतं, आणि उसवलं की कागद फाटतो.”

मी फर्मा शोधून आणला, जागेवर घातला आणि पाठ पुन्हा पाहिली. आणि तिथे उभ्या उभ्या मला जे सुचले ते मी, बढाई म्हणून नव्हे, पण स्पष्ट सांगतो. सरांच्या मताचा विपर्यास मी शब्दाने करीत होतो तो अज्ञानाने. पण खरोखरही करीत होतोच. त्यांचे म्हणणे पुरते जुळवून न पाहता मी दर सोमवारी सुई घालीत आलो होतो. तेव्हा आधी पायऱ्या पाहायच्या. सरांचे म्हणणे मी मला समजले तसे लिहीन, ते बरोबर आहे का हे त्यांनाच विचारीन, आणि ते होय म्हणेपर्यंत विरोधाचा एक टाकाही घालणार नाही.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिले. प्रथम कबूल केले की विपर्यास या शब्दाचा अर्थ मला काल कळला, आणि अकरा महिने सर्वांनी सहन केले याबद्दल क्षमा मागितली. मग लिहिले : “सर, आपले म्हणणे मला असे समजले की मनाने आजारी असलेल्या माणसाला मताचा अधिकार नसावा. बरोबर आहे का?”

सरांनी लिहिले, “नाही. हे माझ्या पहिल्या दोन वाक्यांवरून काढलेले म्हणणे आहे. पुढे वाचा.”

मी आदरपूर्वक कळवले की सर, वाचतोच आहे, आपण प्रत्येक लेखाखाली हा उपदेश करता आणि त्याप्रमाणे मी आठवड्याला एक तरी फर्मा वाचून संपवतो. पुन्हा हशा झाला. या वेळी मी फोन उचलून सरळ धाकट्याकडे गेलो, कारण हशाचा अर्थ लावण्याचे काम आता त्याच्याकडे होते.

त्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू मला नव्यानेच पाहतो आहे. मग माझे बोट धरले आणि ‘पुढे वाचा’ या निळ्या अक्षरांवर टेकवले. लेख उलगडला, आणि खाली, आणखी खाली जातच राहिला. अकरा महिने मी सरांचे दर सोमवारचे पहिले चारपाच ओळींचे डोके तेवढे वाचीत आलो होतो आणि बाकीचा माणूस मी पाहिलाच नव्हता.

“आणि तू?” मी विचारले. “तुला तर ठाऊक होतं.”

“मला तेवढंच पुरलं,” तो म्हणाला.

मी त्याच्या खाटेवर बसलो आणि उरलेला लेख मोठ्याने वाचला. सरांनी लिहिले होते की चाळीस वर्षांपूर्वी ते तरुण शिक्षक असताना त्यांना मतदानाच्या कामावर एका मनोरुग्णालयात पाठवले होते. रुग्णांना रांगेने आणले जाई आणि दारातला एक कर्मचारी प्रत्येकाच्या कानात सांगे की खूण कुठे करायची. सर्वांना दिसत होते आणि कोणी बोलत नव्हते. त्या रांगेतली एक बाई सरांच्या टेबलापाशी थांबली आणि तिने हळू आवाजात विचारले, ‘साहेब, आज मी माझ्या मनानं केलं तर चालेल का?’ सर यादीत तोंड घालून बसले. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मग पुढे गेली. तिने काय केले ते त्यांना कधीच कळले नाही. म्हणून, सरांनी लिहिले होते, ज्यांना मते हवी असतात त्यांच्या कपाटात आजारी माणसांच्या फायली ठेवू नका. नगरसेवक जिथे बसतात त्या वॉर्ड ऑफिसात हा कक्ष नको. आणि आजारी माणसाने बरे होईपर्यंत मतदानापासून दूर राहावे, म्हणजे त्याच्या कानाशी कोणी येणार नाही.

तोवर त्या लेखाला चाळीसहून अधिक उत्तरे आली होती आणि मी ती पुन्हा चाळून पाहिली. त्या बाईचा उल्लेख एकाही उत्तरात नव्हता. त्या लोकांना ते निळे बटण ठाऊक होते आणि मला नव्हते. यात अधिक दोष कोणाचा, ते ठरवीत मी बसलो नाही.

“आता पटलं का तुला सरांचं?” धाकट्याने विचारले. त्याचा आवाज अगदी सपाट होता.

मी खरे तेच सांगितले की नाही पटले. पण कालपर्यंत मला जे पटले नव्हते ते सरांनी म्हटलेलेच नव्हते. आज जे पटले नाही ते त्यांनी म्हटलेले आहे.

गुरुवारी मी दुसऱ्यांदा लिहून पाहिले. सरांनी पुन्हा ‘नाही’ म्हणून कळवले. मी बाईची हकिगत घेतली होती पण फायलींची भीती वगळली होती. ग्रुपवर लोक कंटाळले. एकाने लिहिले की बाइंडरसाहेब उत्तर देणार आहेत की सरांची शिकवणी लावणार आहेत. दुसऱ्याने लिहिले की एवढ्या वेळात नगरपालिकेने कक्ष बांधूनही टाकला असता. मी दोघांनाही लिहिले की आपण म्हणता ते योग्य आहे, मला थोडा वेळ लागतो. घरी पत्नी म्हणाली, “अहो, जेवताना तरी तो फोन खाली ठेवा, नाहीतर सरांचं ताट वाढते.” तिच्या या बोलण्यावर धाकटा घास चावता चावता थांबला आणि किंचित हसला. गोळ्यांची पट्टी मात्र त्याच्या टेबलावर होती तशीच होती. सोमवारपासून तिच्यातली एकही गोळी कमी झाली नव्हती. येता-जाता मी पाहत होतो.

शुक्रवारी मी सुट्टीत डबा उघडलाच नाही. कापलेल्या कागदाच्या पट्टीवर आधी पेन्सिलने लिहिले, मावशींना वाचून दाखवले, त्यांनी दोन ठिकाणी ‘हे काही कळलं नाही बाबा’ म्हटले, ते बदलले, आणि मग ग्रुपवर टाकले. सरांचे म्हणणे त्यात तीन वाक्यांत होते : आजारी माणसाचे मन दुबळे असते एवढेच नव्हे, तर त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेणारे जवळ असतात. समुपदेशन कक्ष वॉर्ड ऑफिसात आला तर आजाराची फाईल आणि मताची गरज एकाच छपराखाली येईल. म्हणून बरे होईपर्यंत त्याने मतापासून दूर राहणे यात त्याचेच रक्षण आहे.

पंधरा मिनिटांनी सरांचे उत्तर आले. “होय. हेच माझे म्हणणे आहे. मी स्वतः ते इतके नीट मांडले नव्हते. आता विरोध करा.”

विरोध मी आधीच लिहून ठेवला होता, तो असा :

“सर, आपण सांगितलेली हकिगत मी चार वेळा वाचली. त्या बाईने आपल्याला असे विचारले नव्हते की मला मत देण्यापासून वाचवाल का. तिने विचारले होते की मी माझ्या मनाने दिले तर चालेल का. म्हणजे मन तिचे होते, मतही तिचे होते, आणि दोन्ही तिला ठाऊक होते. अडचण दारातल्या माणसाची होती. आपला उपाय त्या माणसाला दारातच ठेवतो आणि बाईला घरी पाठवतो. मला हे मान्य नाही. हटवायचे असेल तर त्याला हटवावे. आणि जिथे आजारी माणूस घाबरून एकटा बसतो तिथेच कानात सांगणाऱ्यांचे फावते. म्हणून कक्ष हवा. आपल्या वयाचा आणि आपल्या शिकवण्याचा मला आदर आहे. आपल्या या मताला माझा विरोध आहे.”

मी कामाला लागलो. फर्मे जुळवले, पाठी पाहिल्या, शिवले. संध्याकाळी काम सुटता सुटता सरांचे उत्तर आले. त्यांनी लिहिले की हा मुद्दा त्यांना पूर्णपणे पटलेला नाही. रक्षण आणि हक्क यांत त्यांना आजही रक्षण आधी वाटते आणि त्याची कारणे ते सोमवारी देतील. खाली आणखी एक ओळ होती : “चाळीस वर्षांत तिच्या प्रश्नाला कोणीतरी उत्तर दिले. ते मी द्यायला हवे होते.”

मी घरी आलो तेव्हा धाकटा खिडकीशी बसला होता. त्याने ते सगळे वाचले आहे हे मला त्याच्या बसण्यावरूनच कळले. माझ्या लिहिण्यात मी त्याचे नाव, त्याचा आजार, माझे घर, यातले काहीच आणले नव्हते. ते आणण्याचा अधिकार त्याचा होता आणि त्यानेच तो वापरावा किंवा वापरू नये, असे मी ठरवले होते.

शनिवारी सकाळी मी दाढी करीत असताना फोन वाजला. आरशाशेजारच्या फळीवर तो उभा करून मी पाहिले तर ग्रुपवर धाकट्याचा मेसेज होता. तो स्वतः दहा पावलांवर, स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

“आदरणीय सर, मी आपला विद्यार्थी, ज्याचे नकाशे आपण भिंतीवर लावत होता तो. मी दोन महिने मनाच्या गोळ्या घेत आहे. आपले पहिले वाक्य वाचून पाच दिवस घेतल्या नाहीत, आज घेतली. फायलींबद्दल आपण म्हणता ते मला पटते आणि मतापासून दूर राहण्याबद्दल म्हणता ते अजिबात पटत नाही. दादाचे म्हणणेही मला अर्धेच पटते.”

मी साबण लागलेल्या तोंडाने वळलो. “माझं काय पटलं नाही?”

“तू कक्ष हवा म्हणालास, जागा बघितलीच नाहीस. नगरसेवकाच्या बाजूच्या खोलीत मी गेलो असतो का? तो दवाखान्यात हवा.”

मी वादाला तोंड फोडणार होतो. वॉर्ड ऑफिस प्रत्येकाला जवळ पडते, दवाखाने तेवढे नाहीत, असे दोन चांगले मुद्दे माझ्यापाशी तयार होते. पत्नी मध्ये येऊन म्हणाली की डॉक्टरांची वेळ नऊची आहे, आधी दोघेही तोंडे धुवा. धाकट्याने टेबलावरची पट्टी उचलली. तिच्यातला एक कप्पा फुटलेला मला दिसला. पट्टी त्याने शर्टाच्या खिशात घातली आणि म्हणाला की पाच दिवसांचे डॉक्टरांना तो स्वतःच सांगेल, मी मध्ये बोलू नये.

जिना उतरताना मी माझा पहिला मुद्दा मांडला. त्याने तो ऐकून घेतला आणि म्हणाला, माझे म्हणणे आधी तुझ्या शब्दांत सांग पाहू. मी पायरीवर थांबून सांगितले. तो म्हणाला, नाही, हे अर्धेच आहे.

“सगळं तर वाचलं मी,” मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातल्या फोनकडे बोट दाखवले. त्याच्या मेसेजखाली निळी अक्षरे होती.

“पुढे वाच, दादा,” तो म्हणाला, आणि माझ्यासाठी दार धरून उभा राहिला.